ओक, साग आणि आपले सुतार



‘शनवार तेली’ हे आपलं जुनं नाव पोराबाळांनाही ठाऊक असतं. पण १८व्या शतकाच्या उत्तरार्धात आपली माणसं कोकणातून मुंबईला येऊ लागली, तेव्हा घाणा मागे गावातच राहिला. शहरात कोणी पलटणीत गेलं, कोणी बांधकामावर, कोणी सुतारकामाला. १७९६ साली पहिली मशीद बांधणारे समाजी हसाजी दिवेकर आपल्याला माहीत आहेत. सुतारांची आठवण मात्र आपण ठेवली नाही.

मी राहते त्या इंग्लंडात जुनं फर्निचर म्हणजे ओक. जुना इंग्रज सुतार ओला ओंडका करवतीने कापत नसे, पाचर ठोकून फाडत असे. त्यामुळे लाकडाचा धागा तुटत नाही आणि फळी बारीक असूनही दणकट राहते. मग रंधा, पटाशी, आणि खाचेत कुसू. दोन्हींतली भोकं मुद्दाम केसभर पुढेमागे पाडायची आणि सुकी खुंटी ठोकायची. खुंटी सांधा आवळते. डिंक नको, खिळाही नको.

खिळा नको याला आणखी एक कारण. ओकमध्ये टॅनिन फार. लोखंड लागलं की लाकूड काळं पडतं आणि खिळा गंजतो. हे टॅनिन आपल्या ओळखीचंच आहे. बाळगुटीतलं मायफळ म्हणजे ओकच्या झाडावरची गाठ! सेफर तोरा लिहिण्याच्या शाईतही ते पडतं. (नर्सिंग शिकताना टॅनिक ॲसिड वाचलं, पण आजीच्या सहाणेशी त्याचं नातं आहे हे फार उशिरा कळलं.)

साग याच्या उलट. त्याच्या अंगच्या तेलामुळे लोखंड टिकतं. ब्रिटनमध्ये ओकचा तुटवडा पडला तेव्हा आरमाराने मुंबई गोदीकडे धाव घेतली, त्यात हेही कारण होतं. वाडियांनी १८१७ साली बांधलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आजही हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. जमलं तर नातवंडांना घेऊन जा.

सागात वाळूसारखे कण असतात, त्यामुळे हत्याराची धार लवकर जाते. पटाशी सारखी दगडावर घासावी लागते. आपल्या मशिदींतले तेबा, हेखालची दारं, सुन्नतेच्या वेळची एलियाहू हन्नाबीची खुर्ची पाहताना ही मेहनत डोळ्यांसमोर आणा. देणगीदारांची नावं पाट्यांवर असतात. सुताराचं नाव मी अजून कुठे वाचलेलं नाही. त्याची सही म्हणजे हत्याराच्या खुणा.

म्हणून एक विनंती. मुंबई, पनवेल, अलिबागहून आलेली पेटी किंवा कपाट कोणाकडे असेल, तर पॉलिशवाल्याला देण्याआधी खण बाहेर काढून उलटा करा. दिवा आडवा धरा. रंध्याच्या उथळ लाटा दिसतील, सांध्याजवळ आखणीची बारीक रेघ दिसेल. मशीनने घासलं की हे सगळं दहा मिनिटांत जातं. वरून हवं तेवढं चमकवा, आतली बाजू तशीच राहू द्या. फोटो काढा, आणि वस्तू कोणत्या गावच्या कोणत्या घरातून आली ते घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवा.