जहाजांकित नाणी (सातवाहन)

सातवाहनांची जहाजांकित नाणी ही एका बाजूस जहाजाची आकृती असलेली शिशाची प्राचीन नाणी होत. इ.स.च्या २ऱ्या शतकातील वासिष्ठीपुत्र पुळुमावी व यज्ञश्री सातकर्णी या राजांची अशी नाणी ज्ञात आहेत. गोदावरीकाठचे प्रतिष्ठान (पैठण) ही राजधानी समुद्रापासून दूर असूनही या घराण्याने नाण्यावर जहाज कोरले, यावरून दख्खनच्या पठाराला सागरी व्यापाराचे किती महत्त्व वाटत होते हे दिसते.

स्वरूप

नाण्याच्या दर्शनी बाजूस दोन डोलकाठ्यांचे जहाज व ब्राह्मी लिपीतील लेख, तर मागील बाजूस ‘उज्जयिनी चिन्ह’ असते. ही नाणी प्रामुख्याने पूर्वेकडील कोरोमंडल किनाऱ्यालगत सापडली आहेत.

व्यापारी पार्श्वभूमी

पश्चिम किनाऱ्यावर सोपारा, कल्याण व चौल ही बंदरे होती. नाणेघाटासारख्या घाटवाटांनी ती पठाराशी जोडलेली होती. १ल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनानुसार पैठण हे भडोचपासून २० दिवसांच्या, तर तगर (धाराशिव जिल्ह्यातील तेर) हे त्यापुढे १० दिवसांच्या अंतरावर होते. पैठणहून मौल्यवान दगड व तगरहून कापड गाड्यांतून भडोचला जाई. आजच्या शेवगाव, पैठण परिसरातील गोदाखोरे अशा रीतीने तांबड्या समुद्रापर्यंतच्या व्यापाराशी जोडले गेले होते. कल्याण बंदरावर निर्बंध आल्यानंतर तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशीही नोंद याच ग्रंथात आहे. बंदर हातचे जाणे म्हणजे पठारावरील बाजारपेठांचा जवळचा सागरी मार्ग बंद होणे होय.

जहाजांची बांधणी

नाण्यावरील आकृती लहान असल्याने तीवरून बांधणीचा तपशील कळत नाही. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यातील जहाजाचे चित्र त्यास पूरक ठरते. ते सोपाऱ्याच्या पूर्ण या व्यापाऱ्याच्या कथेशी निगडित असून त्यात शिडे व रांजण दिसतात. लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजे बांधण्याची पद्धत हिंदी महासागरात प्राचीन काळापासून रूढ होती.

आधुनिक पुनर्बांधणी

अजिंठ्यातील ५व्या शतकातील जहाजचित्राच्या आधारे गोव्यात ‘कौंडिण्य’ हे शिवलेले शिडाचे जहाज बांधण्यात आले. मूळ आराखडे उपलब्ध नसल्याने चित्रावरून रचना ठरवून तिची चाचणी आयआयटी मद्रासच्या साहाय्याने घेण्यात आली. केरळच्या कारागिरांनी शिवलेले हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून मस्कतकडे निघाले.