घाटातल्या अपघातानंतर

तळोदा आणि धडगाव यांना जोडणारा चांदसैली घाट वळणावळणांचा आणि खोल दऱ्यांचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणारी पिकअप या घाटात उलटून अनेक भाविकांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी मदत धावून येते. खरी परवड पुढच्या आठवड्यात, कागदपत्रांपाशी सुरू होते.

पहिली काळजी अर्थातच प्रकृतीची. डोक्याला मार लागलेल्या व्यक्तीला दुसऱ्या दिवशी उलट्या, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी जाणवल्यास पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे. धडगावच्या ग्रामीण रुग्णालयातून गंभीर रुग्णास नंदुरबारला हलविले, तर दोन्हीकडील नोंदी जपाव्यात. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचार मिळतात.

घाटात हद्दीचा प्रश्न हमखास निघतो. मात्र जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदविता येतो आणि फिर्यादीची प्रत मोफत मिळते. विमा कंपनीला त्वरित कळवावे. सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी गाडी दुरुस्तीला देऊ नये, आणि नादुरुस्त इंजिन चालू करण्याचा मोह तर मुळीच धरू नये. त्यातून वाढलेले नुकसान सहसा भरून मिळत नाही.

नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या सुधारणेने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. ही मुदत न्यायालयीन वादात सापडली असली तरी तिच्या आतच दावा करणे शहाणपणाचे. पुण्या-नाशिकच्या प्रवाशाला त्यासाठी नंदुरबारला खेटे घालावे लागत नाहीत. दावेदार राहतो तेथील न्यायाधिकरणही चालते. कोणाची चूक हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. अज्ञात वाहनाने धडक दिली असेल, तर हीच रक्कम अनुक्रमे दोन लाख व पन्नास हजार आहे.

पिकअपच्या बाबतीत एक कटू गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मालवाहू वाहनात स्वतःच्या मालासोबत बसलेल्याला विम्याचे संरक्षण असते. नुसत्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी रक्कम देऊन ती मालकाकडून वसूल करण्यास सांगतात, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. यात्रेकरूंच्या वारसांना मग गाडीमालकाच्याच मागे लागावे लागते, आणि त्याच्याकडे गाडीखेरीज काही असेलच असे नाही. म्हणूनच चार दिवसांत कोणी मुद्रांकावर ‘आपसांत मिटवा’ म्हणत आले, तर वकिलाला दाखविल्याविना सही वा अंगठा देऊ नये.