शिधा, फराळ आणि पंगत

नेवासे म्हटलं की लोकांना तो खांब आठवतो. त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याच तालुक्यात, त्याच काळ्या रानात, साडेपाचशे वर्षांनी येशू ख्रिस्ताचं नाव आलं. ते मुंबईहून नगरला आणि नगरहून खेड्यात कसं आलं, हे पुस्तकांत लिहिलेलं आहे. पण ते शेजाऱ्याच्या ओसरीपर्यंत कसं पोचलं, हे फारसं कुणी लिहीत नाही. मी शेतकरी माणूस. दहावीपर्यंत शिकलो, ख्रिस्ती घरात जन्मलो. आजीकडून ऐकलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं आणि थोडंफार वाचलेलं, एवढ्या भांडवलावर हे लिहितो आहे.

आधी पुस्तकातलं सांगतो. अमेरिकन मिशनचे लोक 1813 साली मुंबईला उतरले. 1831 साली त्यांनी नगरला ठाणं केलं. 1842 साली नगरहून 'ज्ञानोदय' निघू लागला. आमच्या तालुक्यात वडाळ्याला फेअरबँकसाहेब 1857 सालापासून राहू लागले. त्यांना शेतीचा भारी नाद. नांगर, बी-बियाणं, पाखरं, सगळ्यात लक्ष. ही मंडळी बाजारात, चावडीसमोर उभी राहून उपदेश करायची. लोक ऐकायचे, कुणी चेष्टा करायचे, कुणी वाद घालायचे. ज्यांनी ते मनावर घेतलं ते बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. त्यात नवल काय? ज्याला विहिरीवर पाणी नाही, देवळाच्या पायरीवर जागा नाही, त्याला कुणी शाळेत बसवून पाटी हातात दिली, तर तो त्याचं ऐकणारच. आमचे पणजोबा त्यांतलेच.

पण धर्म बदलला तरी गाव बदललं नाही. वस्ती तिथंच, ओढ्याच्या पलीकडं. आमच्या घरातलं पाणी पूर्वी चालत नव्हतं, तसंच पुढंही चालेना. आता विचार करा. चांगली बातमी शेजाऱ्याला सांगायची, आणि शेजारी तुमच्या हातचं पाणी पीत नाही! उपदेश कितीही गोड केला तरी तो ओढ्याच्या अलीकडंच राहायचा.

पहिल्यांदा ओढा ओलांडला तो गाण्यानं. नगरला 1860 नंतरच्या काळात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. तेच टाळ, तीच वीणा, तोच पूर्वरंग आणि उत्तररंग, आख्यान मात्र येशूचं. कीर्तन ऐकायला जात विचारावी लागत नाही. मागं, अंधारात, घोंगडी पांघरून कुणीही बसू शकतो. पुढं नारायण वामन टिळक आले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नगरला बिऱ्हाड केलं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. त्यांनी भजनं लिहिली ती अभंग-ओवीच्या वळणाची. आजही आमच्या उपासनेत ती म्हणतो तेव्हा शेजारची वारकरी माणसं ठेका धरतात.

टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळा. पाहुणे, अनाथ पोरं, कायम वर्दळ. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं त्यांना हे माहीत आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही लक्ष्मीबाईंनी आधी आपलं सोवळं, आपलं पाणी वेगळं ठेवलं होतं. ते हळूहळू, स्वतःच्या मनानं सुटलं, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका घरात, नवरा-बायकोत एवढी वर्षं लागली. मग गावाला किती लागावीत?

आमच्या गावाला साठ-सत्तर वर्षं लागली. आजी त्याच्या पायऱ्या सांगायची.

पहिली पायरी शिधा. तिच्या लग्नानंतर, म्हणजे स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधी, नाताळच्या दिवशी आमच्याकडून पाटलांच्या वाड्यावर सूप जायचं. सुपात गहू, गूळ, एक नारळ. शिजवलेलं काही नाही. सूप ओट्याच्या खाली ठेवायचं, घरच्यांनी ते पाणी शिंपडून उचलायचं. आजीला मी एकदा विचारलं, "आजी, तुला राग नव्हता येत?" ती म्हणाली, "राग यायचा. पर सूप कधी मोकळं माघारी आलं न्हाई. मूठभर शेंगा तरी घालूनच द्यायच्या पाटलीणबाई." आपल्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्या रीतीनं आमचं येणं-जाणं जिवंत ठेवलं.

दुसरी पायरी तळणाची. तुपा-तेलात तळलेल्याला विटाळ कमी, असा जुना हिशेब. त्यामुळं करंजी, शंकरपाळी, चकली हे आधी स्वीकारलं गेलं, भाकरी आणि कालवण फार नंतर. आमचा नाताळचा फराळ म्हणजे दिवाळीचाच फराळ, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा केलेला. केक वगैरे शहरातली गोष्ट. वस्तीतल्या बाया एका घरी कढई मांडायच्या, पुढच्या दिवशी दुसऱ्या घरी. पुरुष बांबूच्या कामट्यांना पतंगी कागद लावून चांदणी करायचे. आणि रात्री भजनी मंडळ निघायचं. पुढं बत्ती, मागं ढोलकी, पेटी, टाळ. माझ्या लहानपणी ते फक्त वस्तीत फिरायचं. गावातून बोलावणं आलं तेव्हा म्हातारी माणसं दोन दिवस चर्चा करत बसली होती, जावं की न जावं.

तिसरी पायरी हुरड्याची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. नाताळ संपतो न संपतो तोच ज्वारी हुरड्यात येते. रानात सोवळं नसतं. आगटीत गोवऱ्या पेटलेल्या, कणसं भाजून निघालेली, एकजण हातावर चोळून देतो आणि बाकीचे भोवती बसून खातात. ते अन्न कुणाच्या चुलीवरचं नाही, कुणाच्या घरातलं नाही. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, थोडी सुरती ज्वारी हुरड्यासाठी म्हणूनच पेरायची, आणि नाताळच्या आठवड्यात शेजारच्या बांधावरच्या सगळ्यांना हाक मारायची असा पाठ ठेवला. लसणाची चटणी, गूळ, बोरं. खाता खाता कुणी विचारायचं, "तुमचा ह्यो सण म्हंजी नेमकं काय रं?" मग दादा सांगायचे. गोठ्यात जन्मलेलं लेकरू, गव्हाणीत निजवलेलं. मेंढपाळांना आधी कळलं, राजाला नाही. ज्यांच्या घरी गोठा आहे आणि शेजारी मेंढ्या बसवलेल्या आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. एवढंच सांगून दादा गप्प बसायचे. विचारलं तर पुढचं सांगायचे, नाही विचारलं तर पावसापाण्याचं बोलायचे.

चौथी पायरी 1972 च्या दुष्काळानं बांधली. रोजगार हमीच्या कामावर पाटील आणि आम्ही एकाच रांगेत. एकच सुकडी, एकच डबडं, एकाच रांजणाचं पाणी. खडी फोडून हाताला आलेले फोडही सारखेच. त्या साली नाताळला ना गहू होता ना तेल. आईनं मिलो ज्वारीच्या भाकरी केल्या आणि गुळाचा कोरा चहा. भजनाची फेरी झाल्यावर शेजारचे तात्या आमच्या अंगणात आले. ते घराबाहेरच्या दगडावर बसायचे, ती त्यांची ठरलेली जागा. आई म्हणाली, "तात्या, आज देण्यासारखं काही नाही." तात्या म्हणाले, "वहिनी, मग आहे त्यातली अर्धी द्या की." आणि उंबऱ्याच्या आत येऊन बसले. त्या रात्री आमच्या घरात पहिल्यांदा गावातल्या माणसानं भाकरी मोडली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईनं फक्त पदरानं ताट पुसलं.

पुढची गोष्ट सोपी झाली. सुगीनंतर आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. जो तो आपल्या पिकातलं पहिलं आणतो. कणसं, भोपळा, कोंबडी, गुळाची ढेप. उपासना झाली की बाहेर लिलाव. एका अंड्याला कोंबडीचा भाव येतो, कारण बोली देवाच्या नावानं असते. या लिलावाला आता अर्धं गाव असतं. तात्यांचा मुलगा दरवर्षी बोली लावतो आणि जिंकलेली वस्तू पुन्हा लिलावातच ठेवतो. तिकडं श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. तिथं तर कोण ख्रिस्ती आणि कोण हिंदू, ओळखू येत नाही. नवस सगळ्यांचेच असतात.

हे एकतर्फी नव्हतं. दिवाळीचं ताट आमच्याकडं यायचं, संक्रांतीला तिळगूळ. सप्त्याला गावोगावच्या भाकरी जमतात, त्यात आमच्या वस्तीची टोपलीही गेलेली आहे. प्रसादाचा प्रश्न मात्र अवघड होता. काही पाळकसाहेब सांगायचे, मूर्तीपुढं ठेवलेलं खाऊ नका. काही म्हणायचे, प्रेमानं दिलेलं घ्या. हा वाद जुनाच आहे. संत पौलानं करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यातही तो आहे. तिथं पौल म्हणतो, कुणी जेवायला बोलावलं तर पुढं वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. पण एखाद्या दुबळ्या मनाचा त्यानं गोंधळ होणार असेल तर त्याचाही विचार करा. आजीला हे पत्र पाठ नव्हतं. ती दोन्ही हातांनी घ्यायची, डोळे मिटून प्रभूचे आभार मानायची आणि पोरांना वाटून टाकायची.

एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. आम्ही पाटलांच्या ओट्याकडं डोळे लावून बसलो होतो, पण आमच्याच मंडळीत महाराकडून आलेले आणि मांगाकडून आलेले असे दोन भाग होते. प्रभुभोजनाचा प्याला एक, लग्नाची पंगत वेगळी. सोयरीक तर नाहीच. आमच्या वस्तीत ही पंगत एक झाली ती दादांच्या पिढीत, तीही भांडणं होऊन. येशू जकातदारांच्या आणि पापी म्हटलेल्या लोकांच्या पंगतीला बसला, म्हणून तर त्याच्यावर लोक चिडले होते. ती गोष्ट शेजाऱ्याला सांगण्याआधी ती आपल्या घरात खरी व्हावी लागते. शेजारी उपदेशाआधी पंगत बघतो.

आता अलीकडचं. नाताळच्या जेवणाकडं काही ठिकाणी आमिष म्हणून पाहिलं जातं. हा संशय आजचा नाही. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळात मिशननं अन्न दिलं तेव्हापासून 'पोटासाठी बाटले' हे ऐकत आलो आहोत. तो आरोप नुसता झटकून टाकण्यासारखा नाही. भुकेल्या माणसापुढं भाकरी धरून त्याच्याकडून नाव बदलून घेणं हे पापच, मग ते कुणीही करो. घटनेच्या 25 व्या कलमानं आपला धर्म सांगायचा हक्क सगळ्यांना दिला आहे. पण हक्क आहे म्हणून शेजारधर्म सुटत नाही. टिळकांनी 1917 साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त बसू शकत होते. दार उघडं, सक्ती नाही.

मी माझ्यापुरता एक हिशेब ठेवला आहे. गळाला आमिष लावणारा मासा लागला नाही की उठून दुसरीकडं जातो. आमच्या घरून तात्यांच्या घरी पन्नास वर्षं नाताळचं ताट जातं आहे. त्या घरातलं कुणीही ख्रिस्ती झालेलं नाही. तात्या शेवटपर्यंत माळकरी राहिले, पंढरीची वारी त्यांनी चुकवली नाही. तरी ताट थांबलं नाही आणि तिकडून भांडंही कधी रिकामं आलं नाही. मग आमच्या श्रद्धेची गोष्ट त्यांना सांगून झाली की नाही? माझ्या मते झाली. तात्यांना शुभवर्तमानातल्या गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या यायच्या. आमचे दादा गेले तेव्हा खांदा द्यायला तात्या होते, आणि दफनाच्या वेळी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेला त्यांनी मोठ्यानं 'आमेन' म्हटलं.

आमची पोरं आता पुण्याला, संभाजीनगरला आहेत. फ्लॅटमध्ये शेजारी कोण राहतो हे ठाऊक नसतं. सणाला मोबाईलवर चांदणीचं चित्र येतं आणि संपतं. ती विचारतात, इथं आपला धर्म कुणाला सांगावा कसा? मी त्यांना एवढंच सांगतो: आधी शेजारच्याच्या दिवाळीला जा, त्याच्या घरी कुणी आजारी असेल तर डबा न्या, आणि मग डिसेंबरात त्याला जेवायला बोलवा. तो विचारील तेव्हा सांगा. नाही विचारलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा.