जीन

जीन (नाम). मराठीत या एका लेखनरूपात निदान पाच अर्थ नांदतात : घोड्याचे खोगीर, जाड सुती कापड, जुनिपरच्या फळांचा स्वाद असलेले मद्य, आनुवंशिक गुण वाहणारा घटक, म्हणजेच जनुक, आणि कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र किंवा ते यंत्र चालते तो कारखाना. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव या कापूसपट्ट्यात जीन, जिनिंग, जीन-प्रेस हे शब्द या शेवटच्या अर्थानेच बोलण्यात येतात. म्हणून कोशकाराने अर्थांची विभागणी व्युत्पत्तीनुसार करावी, पण त्यांचा क्रम वापरानुसार लावावा, आणि यवतमाळसाठी पहिला मान कारखान्याला द्यावा, असे या नोंदीचे म्हणणे आहे.

हे पाच अर्थ एकाच शब्दाला फुटलेले धुमारे नाहीत. खोगिराचे जीन फारसी आहे. ते तयार करणाऱ्यांवरून जिनगर हे नाव आले. मूळ फारसी उच्चार इंग्रजी z सारखा, पण मराठीत इ-ईच्या आधीचा ज तालव्यच होतो, म्हणून तो इंग्रजीतून आलेल्या शब्दांशी जुळला. कापडाचे नाव इटलीतील जिनोआ शहरावरून पडले. मद्याचे नाव जुनिपरच्या लॅटिन नावापासून फ्रेंच आणि डच वळणे घेत आले. इंग्रजीत मद्याचा आणि यंत्राचा स्वर र्‍हस्व आहे, कापडाचा आणि जनुकाचा दीर्घ. हा भेद मराठीत उरला नाही, कारण अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ लिहावा, असा 1962 च्या लेखननियमांचा दंडक आहे. जैनांचा ‘जिन’ तत्सम असल्यामुळे र्‍हस्व राहिला आणि या गर्दीतून सुटला.

मग हा सगळा निव्वळ ध्वनीचा योगायोग आहे आणि एकत्र नोंदीला अर्थ नाही, असा आक्षेप येऊ शकतो. तीन अर्थांपुरता तो खरा आहे. उरलेल्या दोघांपुरता नाही. यंत्रवाचक शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘एंजिन’चे आखूड रूप आहे. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘इंजेनियम’ आहे, ज्याचा अर्थ उपजत बुद्धी. बुद्धीवरून युक्ती, युक्तीवरून यंत्र, असा अर्थ सरकत गेला. इंग्रजीत याच शब्दाने शिकारीचा सापळा आणि ओझे उचलायची घोडीही ओळखली जाते. जनुकवाचक शब्द डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी 1909 मध्ये रूढ केला. त्यामागे जन्म, कुळ सांगणारा ग्रीक शब्द आहे. हे लॅटिन आणि ग्रीक शब्द ज्या आद्य धातूपासून निघाले, त्यापासूनच संस्कृतातला ‘जन्’ आला. म्हणजे यंत्राचे जीन, पेशीतले जीन आणि आपले जन्म, जनक, जनुक हे शब्द एकाच घरचे ठरतात.

यवतमाळमध्ये ही भाऊबंदकी कापसाच्या दोन टोकांना उभी आहे. बियाण्यात एक जीन असते : मार्च 2002 मध्ये भारताने बीटी कापसाला परवानगी दिली, तेव्हा बोंडअळीला मारक प्रथिन तयार करणारे, मातीतल्या जिवाणूचे जनुक या पिकात आले. गुलाबी बोंडअळीने पुढे त्यालाही दाद दिली नाही. वेचणीनंतर कापूस दुसऱ्या जीनकडे जातो. तिथे वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग रुई म्हणून निघतो, बाकी बहुतेक सरकी. रुई दाबून 170 किलोच्या गाठी बांधतात. अमेरिकेत एली व्हिटनी यांनी 1794 मध्ये दातेरी यंत्राचे पेटंट घेतले, परंतु भारतात प्रामुख्याने लाटांचे यंत्र टिकले. त्याचे तत्त्व आपल्या जुन्या रेच्याचेच : फिरत्या लाटा धागा ओढून घेतात आणि सरकी मागे राहते. पूर्वी यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला रेल्वेही मुळात या मुलखातला कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठीच आली.

अर्थांचा घोळ टाळण्यासाठी ‘रेचा’ आणि ‘जनुक’ हेच शब्द वापरावेत, ही सूचना अर्धी मान्य करण्यासारखी आहे. ‘जनुक’ नेमका आहे आणि धातूशी इमान राखतो. शास्त्रीय लेखनात तोच असावा. ‘रेचा’ मात्र हातातले साधन सांगतो. वजनकाटा, कापसाचे ढीग, गाठींचे दाबयंत्र आणि सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदी यांसह जे आवार उभे असते, ते त्यात मावत नाही. शेतकरी कापसाची गाडी घेऊन ‘जीनवर चाललो’ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला खोगीर आठवत नाही, मद्यही आठवत नाही. वाक्यातला कापूस अर्थ ठरवून टाकतो. वर्षभराच्या कष्टाचे वजन आणि मोल जिथे ठरते, त्या जागेचे नाव कोशात पाचव्या क्रमांकावर ठेवणे योग्य नव्हे.