नसलेल्या हाताचे दुखणे

खामगावचा इतिहास म्हटला की कापसाचा बाजार डोळ्यांपुढे येतो. आम्ही आज सांगणार आहोत तो इतिहासही कापसाचाच आहे. फक्त तो गाठी मोजणाऱ्यांचा नव्हे, हात गमावणाऱ्यांचा आहे.

1861 ते 1865 ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले. 1870 साली जलंब-खामगाव हा आगगाडीचा फाटा सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. पुढे जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांची दाटी झाली. पट्टे फिरू लागले, रूळ फिरू लागले, आणि त्यांत हात सापडू लागले.

त्याच युद्धात तिकडे हजारो शिपायांचे हातपाय कापावे लागले. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वेअर मिचेल ह्यांनी अशा माणसांची विचारपूस केली. 90 जणांपैकी 86 जणांना गेलेला अवयव अजून जाणवत होता. पुष्कळांचा तो दुखतही होता. 1871 साली मिचेल ह्यांनी त्याला 'भुताचा अवयव' अशा अर्थाचे नाव दिले. फ्रेंच शल्यवैद्य आंब्रवाझ पारे ह्यांनी हा प्रकार सोळाव्या शतकातच नोंदला होता. नाव मात्र ह्या युद्धानंतर पडले. ज्या युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव आणला, त्याच युद्धाने ह्या दुखण्याला नाव दिले. ते आमच्या कानी यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

1999 साली आमच्या युनियनमधील एका कामगाराचा उजवा हात पट्ट्यात गेला. कोपराच्या वर कापावा लागला. जखम भरली, पण गडी रात्री उठून बसे. म्हणे, "भाऊ, मूठच उघडत नाही न जी. नखं तळहातात रुतून राह्यली." घरच्यांनी नजर उतरवली. आणि आम्ही काय केले? "गेल्या हाताला कशाचं दुखणं? मनातून काढून टाक," असे त्याला सांगितले. मालकाच्या वकिलाने त्याला ढोंगी म्हटले तेव्हा आम्हाला संताप आला खरा. परंतु आमचे मत तरी काय निराळे होते?

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. हात खांद्याच्या सांध्यातून गेला तर 90 टक्के. खांद्याच्या टोकापासून उरलेला भाग 8 इंचांहून कमी असेल तर 80, त्याहून लांब असून कोपराच्या वर तुटला असेल तर 70. डॉक्टरांनी टेप लावली, आणि आमच्या माणसाच्या वाट्याला 70 टक्के आले. हाड मोजले गेले. दुखण्याला रकाना नव्हता. 2009 च्या दुरुस्तीने औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मागण्याची सोय झाली, पण ती ह्याच्या काय कामाची?

पुढे वाचनालयात आम्हाला डॉ. रामचंद्रन ह्यांच्याविषयी वाचायला मिळाले. हात गेला तरी मेंदूतली हाताची जागा जात नाही. तिला शेजारचे निरोप येऊ लागतात. गालाला स्पर्श केला तर काहींना तो नसलेल्या बोटांवर जाणवतो. तुटलेल्या मज्जातंतूंच्या टोकांना गाठी येतात, त्याही खोटे निरोप धाडतात. रामचंद्रन ह्यांनी 1990 नंतरच्या दशकात एक साधा आरसा वापरला. चांगला हात आरशापुढे धरायचा आणि त्याचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी पाहायचे.

आम्ही बाजारातून आरसा आणला, सुताराकडून खोके करून घेतले, आणि त्याला युनियनच्या कचेरीत बसविले. डावी मूठ मिटून त्याने ती हळूहळू उघडली. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "सुटली." आम्ही त्याची माफी मागितली ती त्या दिवशी.

दुखणे गेले असे कोणी समजू नये. आरसा सगळ्यांना लागू पडत नाही. आमच्या माणसाला त्याने थोडा वेळ उतार पडे. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्याही त्याला घ्याव्या लागल्या, आणि त्यांनी दिवसा झापड येई. अजूनही थंडीत मूठ आवळली जाते. मग तो खोके काढून बसतो, आणि नातवंडांना म्हणतो, "थांबा रे, हात उघडून येतो."