अतिरिक्त मापक (मोटारगाडी)

अतिरिक्त मापक म्हणजे मोटारगाडीतील मूळ मापकांच्या जोडीला चालकासमोर नंतर बसवलेले मापनयंत्र होय. अनेक गाड्यांत तेलाच्या दाबासाठी केवळ इशारादिवा असतो व तो दाब फार कमी झाल्यावरच पेटतो. मापकावर ही घसरण आधीच दिसते, त्यामुळे इंजिन वेळीच बंद करता येते.

प्रकार

तेलाचा दाब, तेलाचे तापमान, विद्युतदाब आणि टर्बोचार्जरचा दाब दाखवणारी मापके प्रचलित आहेत. ५२ मिलिमीटर व्यासाचा आकार विशेष रूढ आहे. यांत्रिक तेलदाब मापकात तेल बारीक नळीतून थेट मापकापर्यंत येते. आतील वक्र नळी दाबाने किंचित उलगडते व काटा फिरतो. या नळीचे पेटंट फ्रेंच अभियंता युजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये घेतले. विद्युत मापकात इंजिनावरील संवेदक तारेतून संकेत पाठवतो. तेल गाडीच्या आत येत नाही.

बसवणी

मापक डॅशबोर्डवर किंवा पुढील काचेलगतच्या खांबावर बसवतात. वीजपुरवठा चावी फिरवल्यावर सुरू होणाऱ्या तारेवरून फ्यूजमार्गे घेतात. इंजिनकक्ष व आसनकक्ष यांमधील पत्र्यातून तार नेताना छिद्रात रबरी ग्रोमेट घालतात. अन्यथा पत्र्याच्या धारेने तारेचे आवरण कापले जाऊन शॉर्ट सर्किट होऊ शकते.

सुरक्षितता

यांत्रिक मापकाची नळी तुटल्यास गरम तेल गाडीच्या आत सांडते. खांबाच्या आवरणामागे एअरबॅग असल्यास त्यावर मापक बसवणे धोक्याचे असते: एअरबॅग उघडण्यात अडथळा येतो आणि सुटलेले मापक प्रवाशावर आदळू शकते.