मायना आणि मोर्तब : वसईच्या निमित्ताने खासगी शब्द व अधिकृत घोषणा यांचा विचार

१

एखाद्या संस्थेच्या नावाने झालेली घोषणा आणि त्याच संस्थेतील माणसाने स्वतःच्या नावाने लिहिलेला मजकूर यांत विसंगती दिसली, की वाचक सहसा दुसऱ्याकडे झुकतो. घोषणा हिशेबी असते, खासगी शब्द प्रामाणिक असतो, असे तो गृहीत धरतो. संगणकीय खेळांच्या व्यवसायात या गृहीताला अलीकडे मोठे बळ मिळाले आहे. एप्रिल २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खेळविभागातील एक सर्जनशील दिग्दर्शक अ‍ॅडम ऑर्थ यांनी ट्विटरवरील आपल्या वैयक्तिक खात्यावर, मित्राशी चाललेल्या थट्टेच्या सुरात, एक मत मांडले. खेळाचे यंत्र सतत इंटरनेटला जोडलेले असावे लागले तर एवढा गहजब कशासाठी, असा त्याचा आशय होता. कंपनीने क्षमा मागितली, हे गृहस्थ आमचे प्रवक्ते नव्हेत असे जाहीर केले. ऑर्थ यांची नोकरी गेली. पुढच्याच महिन्यात कंपनीने 'एक्सबॉक्स वन' हे यंत्र सादर केले. त्याने दर चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे, अशी अट असल्याचे जूनमध्ये स्पष्ट झाले. ग्राहकांच्या रोषामुळे १९ जून २०१३ रोजी ती मागे घेण्यात आली.

यावरून खासगी शब्द खरा आणि अधिकृत शब्द खोटा, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. प्रस्तुत लेखाचा रोख त्या निष्कर्षाला छेद देण्याकडे आहे. 'खासगी' आणि 'अधिकृत' हे सत्य-असत्याचे दोन कप्पे नसून लेखनाचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांच्यातील विभागणी स्वयंभू नाही. ती इतिहासात घडविली गेली आहे. ती कशी घडली हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. वसई या एकाच स्थळी, सुमारे साठ वर्षांच्या अंतराने, या दोन प्रकारांचे दोन वेगळे संबंध स्पष्टपणे दिसतात.

२

पहिला प्रसंग १७३९ चा. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखालील फौजांनी पोर्तुगीजांकडून ठाणे व साष्टी १७३७ मध्ये घेतली होती. वसईचा किल्ला मात्र १७३९ च्या उन्हाळ्यापर्यंत झुंजत राहिला. तटाखाली सुरुंग लावले गेले, काही उडाले, काही फसले. फुटलेल्या बुरुजावर माणसे चढत राहिली आणि पडत राहिली. १६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या अटी ठरल्या आणि २३ मे रोजी किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला.

या घटनेचे दोन प्रकारचे लेख आपल्यापुढे आहेत. एक तहाची कलमे. त्यांत किल्ल्यातील शिबंदीने लष्करी इतमामाने बाहेर पडावे, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मोकळीक असावी, अशा गोष्टी आहेत. या मजकुरात कोणी दमलेले नाही, कोणी मेलेले नाही. कलमांना क्रम आहे, काळ नाही. दुसरा प्रकार म्हणजे मोहिमेतील पत्रे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघालेल्या पेशवे दप्तराच्या पंचेचाळीस खंडांपैकी सोळावा खंड या मोहिमेच्या कागदांचा आहे. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांना लिहिलेली पत्रे त्याआधीच द. ब. पारसनीस आणि वि. का. राजवाडे यांनी उजेडात आणली होती. या पत्रांत फसलेले सुरुंग आहेत, पडलेल्या माणसांची मोजदाद आहे आणि शत्रूच्या शौर्याची मोकळी कबुलीही आहे. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात या वेढ्यातील मराठ्यांची हानी मृत व जखमी मिळून पाच हजारांवर दिली आहे. हा आकडा मराठ्यांनीच मान्य केलेला आहे, हेही त्याने नमूद केले. विजयाची किंमत विजेत्याने स्वतः सांगावी, हे तहनाम्यात संभवत नाही. ते पत्रातच संभवते.

परंतु ही पत्रे 'खासगी' म्हणता येतील काय? येथे थोडे थांबले पाहिजे. ब्रह्मेंद्रस्वामी हे पेशवे घराण्याचे गुरू होते, तसेच सावकारही होते. पहिल्या बाजीरावांचे कर्जाने गांजलेपण त्यांच्याच पत्रव्यवहारातून आपल्याला कळते. म्हणजे गुरूला लिहिलेले हे पत्र त्याच वेळी धनकोला दिलेला अहवालही आहे. विजय स्वामींच्या कृपेने झाला, असे लिहिण्यात भक्ताची विनम्रता किती आणि ऋणकोची किती, हे मजकुरावरून ठरवता येत नाही. कारण मायना शिष्याचा आहे, आणि मायना एकदा ठरला की त्याखालील स्वरही बऱ्याच अंशी ठरून जातो. शिवाय असे पत्र बहुधा लेखनिकाच्या हातचे असे. मजकूर कोठे संपतो हे दाखविण्यासाठी अखेरीस 'लेखनसीमा' असे मोर्तब होई. मोडी पत्राच्या एका टोकाला नाते सांगणारा मायना आणि दुसऱ्या टोकाला अधिकार सांगणारे मोर्तब. या दोहोंच्या मध्ये जो आवाज आहे तो ना निव्वळ व्यक्तीचा, ना निव्वळ सत्तेचा. १७३९ च्या वसईत हे दोन स्वर अजून वेगळे झालेले नव्हते.

३

मराठी इतिहासलेखनाने या पत्रांकडे कसे पाहिले, हाही या चर्चेचाच भाग आहे. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध करताना राजवाड्यांनी बखरीच्या तुलनेत अस्सल पत्राला जे श्रेष्ठत्व दिले, त्याने पुढच्या कित्येक पिढ्यांची साधनमीमांसा ठरविली. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची उभारणी याच श्रद्धेवर झाली. बखर पाठीमागून, कोणाच्या तरी आज्ञेने, रचलेली. पत्र घटनेच्या क्षणी, गरजेपोटी, लिहिलेले. म्हणून पत्र विश्वसनीय.

कालानुक्रम आणि व्यक्तिनिश्चिती यांपुरता हा निकष अतिशय उपकारक ठरला, यात शंका नाही. पण त्यातून नकळत एक वाङ्मयीन गृहीतही रूढ झाले : जे पत्रात आहे ते रचलेले नाही. वस्तुतः पत्र हीही रचनाच असते. तिचा वाचक एकच असल्यामुळे ती रचना अधिक नेमकी असते, इतकेच. बखरकार अनेकांना पटवू पाहतो, पत्रलेखक एकाला. मिशेल फूको यांनी १९६९ मधील लेखकविषयक व्याख्यानात खासगी पत्र आणि करारनामा ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली होती. पत्राखाली सही करणारा कोणी असतो आणि कराराला हमी देणारा कोणी असतो, पण 'लेखक' या संकल्पनेच्या पूर्ण अर्थाने या दोहोंना लेखक नसतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या विषयाला ही भूमिका फार जवळची आहे. तहनामा आणि पत्र यांतील फरक 'लेखक नसलेले' आणि 'लेखक असलेले' असा नाही. तो हमी आणि सही यांतील फरक आहे.

४

दुसरा प्रसंग १८०२ चा, आणि येथे साक्षात 'कंपनी' रंगमंचावर येते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात उतरून इंग्रजी जहाजाने वसईस आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी कर्नल बॅरी क्लोज यांच्याशी त्याने तह केला. कंपनीची तैनाती फौज पेशव्याच्या मुलखात कायम राहणार होती आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून दिला जाणार होता. या दस्तऐवजाने स्वतःला सर्वकालीन व सर्वसाधारण संरक्षणात्मक मैत्रीचा तह म्हणवून घेतले. 'संरक्षणात्मक' या विशेषणाखाली आठ-नऊ महिन्यांच्या आत युद्ध सुरू झाले. तहावर शिक्कामोर्तब करणारा पेशवाच शिंदे-भोसल्यांशी गुप्त संधान ठेवून होता, असे इतिहासकारांनी नोंदविले आहे. अधिकृत शब्द आणि मनातला शब्द यांची फारकत दोन्ही पक्षांत झाली होती. पण कंपनीच्या पक्षात ती पद्धत म्हणून आली.

गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी मराठी राज्यातील घडामोडींवर जे विस्तृत टिपण तयार करविले, त्यावर फोर्ट विल्यम, १५ डिसेंबर १८०३ अशी तारीख आहे. युद्ध न्याय्य होते, हे विलायतेतील मालकांना आणि जनमताला पटविणे हा त्याचा उद्देश. योगायोग असा, की त्याच दिवशी इकडे वऱ्हाडात गाविलगडावर हल्ला होऊन किल्ला पडला. घोषणा आणि रक्तपात यांची तारीख एक, भाषा मात्र दोन. बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष कॅसलरे यांना या तहाविषयी गंभीर शंका होत्या. त्यांनी त्या १८०४ मध्ये गोपनीय टिपणातून मांडल्या, जाहीरपणे नव्हे.

रणभूमीवरचा खासगी शब्दही याच सुमारास लिहिला जात होता. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत आर्थर वेलस्ली यांच्या सैन्याचे ४२८ लोक ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. अवघ्या तेवीस वर्षांचे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्यांच्या सोबत होते आणि आपला मित्र एडवर्ड स्ट्रेची याला पत्रे लिहीत होते. ती पत्रे कोलब्रुक यांच्या चरित्रग्रंथातून १८८४ मध्ये, म्हणजे एल्फिन्स्टन यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी आणि कंपनी विसर्जित झाल्यावर, प्रकाशात आली. जेव्हा त्या पत्रांनी कोणाचे काही बिघडण्याजोगे राहिले नव्हते, तेव्हाच ती सार्वजनिक झाली. स्वतः वेलस्ली यांनीही नोव्हेंबर १८०३ मध्ये टॉमस मन्रो यांना खासगी पत्र लिहून लढाईचे समर्थन केले. मन्रो यांचे मत आपल्या बाजूला असावे, ही इच्छा त्यांनी पत्रारंभीच व्यक्त केली. म्हणजे हे खासगी पत्र भावनेचे प्रकटन नव्हते; ते एका जाणकाराची साक्ष मिळविण्यासाठी केलेले निवेदन होते.

१७३९ आणि १८०३ यांतील भेद आता स्पष्ट व्हावा. पहिल्या प्रसंगी एकाच कागदात नाते आणि अधिकार नांदत होते. दुसऱ्या प्रसंगी कागदच वेगळे झाले : एक कचेरीच्या दप्तरात जाणारा, दुसरा मित्राच्या पेटीत. ही विभागणी व्यक्तीने संस्थेविरुद्ध केलेली नव्हती. संस्थेला तिची गरज होती. जाहीर कागद निष्कलंक राहायचा असेल तर शंका, थकवा आणि खंत यांना दुसरीकडे जागा द्यावी लागते.

५

ही जागा पुढे प्रशासनाने औपचारिकच करून टाकली. आजही मराठी कचेऱ्यांत 'अर्धशासकीय पत्र' हा प्रकार जिवंत आहे. त्यात अधिकारी हुद्द्याऐवजी नावाने बोलतो, समोरच्याला 'प्रिय' म्हणतो, आणि तरीही विषय सरकारी असतो. जिव्हाळ्याचा हा सूर नियमाने ठरवून दिलेला आहे. दुसऱ्या टोकाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत, ज्यांनी कर्मचाऱ्याच्या शासनाविषयीच्या जाहीर टीकेला मर्यादा घातल्या. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांविषयीच्या सूचना काढून कर्मचाऱ्यांना वैयक्तिक व कार्यालयीन खाती स्वतंत्र ठेवण्यास सांगितले. मायना आणि मोर्तब यांची ताटातूट येथे नियमाच्या भाषेत पूर्ण झाली.

६

या पार्श्वभूमीवर खेळनिर्मात्यांच्या वैयक्तिक टिपणांकडे परत यावे. 'ही मते माझी, कंपनीची नव्हेत' हे वाक्य त्यांच्या खात्यांवर पुष्कळदा आढळते. ते स्वातंत्र्याची घोषणा वाटते. प्रत्यक्षात ते नव्या काळातील मायना आहे. कंपनी त्याच्या आडून लाभ घेते, कारण निर्मात्याचा आपुलकीचा स्वर खेळाची जाहिरातच करतो. आणि अडचण आली की त्याच वाक्याच्या आधारे हात झटकते. ऑर्थ यांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

लहान कारखान्यात हे दोन स्वर अद्याप वेगळे नसतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा खेळ २०२० मध्ये आणला. त्याआधीची त्यांची लोकवर्गणीची मोहीम उद्दिष्टापर्यंत पोहोचली नव्हती, आणि सहसंस्थापकांपैकी एकाने घर विकून काम चालू ठेवले, हे पुढे मुलाखतींतून आले. येथे निर्मात्याची हकिकत हीच संस्थेची हकिकत आहे. कर्ज, श्रम आणि श्रद्धा एकाच निवेदनात येतात. स्वामींना लिहिलेल्या पत्रांची आठवण व्हावी असे. मात्र त्या पत्रांप्रमाणेच ही हकिकतही कोणाला तरी, काहीतरी मिळविण्यासाठी सांगितलेली असते, हे विसरता कामा नये.

मोठ्या कंपनीत चित्र बदलते. नोव्हेंबर २००४ मध्ये 'ईए स्पाउस' या टोपणनावाने इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीतील अमर्याद कामाच्या तासांवर एक खुले पत्र प्रसिद्ध झाले. ते कर्मचाऱ्याने नव्हे, त्याच्या वाग्दत्त वधूने लिहिले होते. एरिन हॉफमन हे तिचे नाव नंतर कळले. जादा कामाच्या मोबदल्यासाठीचे कर्मचाऱ्यांचे दावे याच सुमारास न्यायालयात होते. कंपनीने ते पुढील दोन वर्षांत अनुक्रमे एक कोटी छप्पन्न लाख आणि एक कोटी एकोणपन्नास लाख डॉलर देऊन मिटविले. ज्याच्यावर सही करण्याची बंदी आहे, त्याचे पत्र दुसऱ्याने, आणि तेही सहीविना, लिहावे लागले. म्हणून खासगी शब्दाचे मोल तो 'मनातला' आहे यात शोधू नये. घोषणेने जी किंमत पानाबाहेर ठेवली, ती तो पानावर आणतो काय, हे पाहावे. वसईच्या पत्रांतील मृतांची मोजदाद आणि २००४ च्या पत्रातील कामाचे तास यांचे नाते येथे आहे.

हा निकष लावला, की दोन्ही प्रकारच्या लेखांची मर्यादाही दिसते. वसईच्या किल्ल्यापासून काही कोसांवर, विरारच्या पूर्वेस, चंदनसार आहे. या तालुक्यातील गावे अठराव्या शतकाच्या कागदांत येतात ती बहुधा वसुली, वेठ आणि कौल यांच्या निमित्ताने. कोणी मित्राला पत्र लिहावे, असा तेथील माणूस त्या दप्तरात भेटत नाही. आज याच पट्ट्यातून रोज हजारो माणसे पहाटेच्या लोकलने कंपन्यांच्या कचेऱ्यांकडे निघतात. त्यांच्या खिशात लिहिण्याचे साधन आहे, आणि त्यांच्या नेमणूकपत्रांत बहुधा न लिहिण्याचे कलमही असते. उद्याचा इतिहासकार त्यांच्या कंपन्यांच्या घोषणा सहज मिळवील. त्या जपल्या जातात. वैयक्तिक मजकूर मात्र खाते बंद होताच नाहीसा होईल. त्याला कोलब्रुक लाभेल, अशी खात्री नाही. साधनांची छाननी करणाऱ्या टीकेने पत्र खरे की घोषणा खरी, हा जुना वाद सोडून, कोणाला सही करण्याची मुभा होती आणि हमी कोणाच्या जिवावर दिली गेली, हे प्रश्न विचारण्यास आता आरंभ केला पाहिजे.